डोळ्यांच्या हालचालींवरून ऑटिझम ओळखता येतो का?

‘बारा मिनिटांचा व्हिडिओ दाखवा, ऑटिझमचे निदान मिळवा’ अशा अर्थाचा संदेश तुमच्या मोबाइलवर आला असेल, तर त्यामागे एक खरे यंत्र आहे. अमेरिकेच्या एफडीएने २०२२ मध्ये ‘अर्लीपॉइंट’ला परवानगी दिली. १६ ते ३० महिन्यांचे मूल पडद्यावर इतर मुलांचे खेळणे, बोलणे पाहते आणि त्याची नजर क्षणोक्षणी कुठे जाते हे कॅमेरा टिपतो. मात्र ही परवानगी डॉक्टरांना मदत म्हणून आहे, डॉक्टरांच्या जागी नव्हे. संदेश पुढे पाठवला जाताना नेमके हेच गळून पडते.

ही कल्पना जुनी आहे. २००२ मध्ये अमेरिकेतील एमी क्लिन आणि सहकाऱ्यांनी ऑटिझम असलेल्या १५ तरुणांना एका चित्रपटातील प्रसंग दाखवले. इतरांची नजर पात्रांच्या डोळ्यांवर होती. या तरुणांची नजर तोंडाकडे, अंगाकडे, खोलीतील वस्तूंकडे अधिक गेली. यातली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तिची चर्चा फारशी होत नाही. जे तरुण तोंडाकडे जास्त पाहत होते, त्यांचे रोजचे सामाजिक वागणे तुलनेने चांगले होते. म्हणजे डोळ्यांकडे न पाहणारी व्यक्ती समोरच्याकडे दुर्लक्ष करते असे नाही. ती बोलणे समजून घेण्यासाठी वेगळी वाट वापरत असू शकते.

आता यंत्राचे आकडे. २०२३ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात ४७५ मुलांचा अभ्यास आला. तज्ज्ञांनी ज्यांना ऑटिझम आहे असे ठरवले, त्यांपैकी ७१ टक्के मुले यंत्राने ओळखली. ज्यांना नव्हता, त्यांपैकी सुमारे ८१ टक्के बरोबर वगळली. याचा अर्थ ऑटिझम असलेल्या दर १०० मुलांमागे २९ मुले निसटली आणि नसलेल्या १०० मुलांपैकी १९ जणांवर चुकीचा शिक्का बसला. शिवाय ही सगळी मुले तज्ज्ञ केंद्रांत तपासणीसाठी आलेली होती. कोणतीही शंका नसलेल्या घरातल्या मुलाला हेच आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

म्हणून कोणी केवळ अशा चाचणीवरून ‘आहे’ किंवा ‘नाही’ सांगून थेरपीचे पॅकेज पुढे केले, तर थांबा. ‘निदान कोण करणार, मुलासोबत खेळून कोण पाहणार, आमच्याशी सविस्तर कोण बोलणार?’ असे विचारा. नजर कुठे गेली हे कॅमेरा सांगतो. मुलाला काय कळले, काय वाटले, हे सांगत नाही.

घरोघरी दिसणारी दुसरी चूक म्हणजे हनुवटी धरून ‘माझ्याकडे बघ’ म्हणणे. ऑटिझम असलेले अनेक प्रौढ सांगतात की डोळ्यांत पाहणे त्यांना असह्य होते, आणि त्या प्रयत्नात समोरचा काय बोलला तेच निसटते. २०१७ च्या एका मेंदू-अभ्यासात, चेहऱ्याच्या डोळ्यांच्या भागाकडेच पाहायला लावल्यावर अशा व्यक्तींच्या मेंदूतील भावनांशी निगडित भाग प्रमाणापेक्षा जास्त सक्रिय झालेले दिसले. त्याऐवजी मुलाच्या शेजारी बसा, ते जे पाहत आहे त्याबद्दल दोन शब्द बोला. त्याने नजर न मिळवता उत्तर दिले तरी ते उत्तरच आहे. (आजी-आजोबांनाही हे आधीच सांगून ठेवा, कारण ‘बघत का नाही रे?’ बहुतेक वेळा तिकडूनच येते.)

तुम्ही मात्र वर्षाच्या सुमारास काही गोष्टींकडे लक्ष ठेवा: नावाने हाक मारल्यावर मूल वळते का? हवी ती वस्तू किंवा आवडलेली गोष्ट बोटाने दाखवते का? तुम्ही बोट दाखवले की तिकडे बघते का? दीड वर्षापर्यंत यातले बरेच दिसत नसेल, तर ‘मुलगे उशिराच बोलतात’ म्हणून वाट पाहू नका. बालरोगतज्ज्ञांना भेटा आणि श्रवणचाचणीही करून घ्या, कारण हाकेला न वळण्यामागे कमी ऐकू येणेही असू शकते. खासगी तपासणी परवडत नसेल, तर अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला सांगा; तिथून पुढच्या केंद्रात विनामूल्य पाठवले जाते. मूल आधी बोलत असलेले शब्द किंवा हावभाव विसरत चालले असेल, तर त्याचे वय कितीही असो, याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या.