पिकअप नंतर, आधी ब्रेक

मोताळा तालुक्यातल्या एका तरुण वाचकाचे चार पानी पत्र आमच्यासमोर आहे. सप्रेम जयभीम लिहून हा बंधू थेट गाडीवरच आला आहे. घरातली ही पहिली चारचाकी. २०११ सालची डिझेल स्विफ्ट, दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या मालकाकडून घेतलेली. तो बुलढाण्याला वायरिंगची कामे घेतो, बायको तिथेच नर्सिंगचे शिक्षण घेते, आणि चार वर्षांची मुलगी मागच्या सीटवर बसून अंगणवाडीऐवजी आजीकडे जाते. म्हणजे रोज सकाळी राजूर घाट चढायचा आणि रोज संध्याकाळी उतरायचा. गाडीला पहिल्यासारखा दम राहिला नाही, घाटात मालाचे ट्रक ओलांडता येत नाहीत, ॲव्हरेजही पडले आहे. चाळीस हजार रुपये बाजूला पडले आहेत. एका गॅरेजवाल्याने त्याला सांगितले की, एक छोटा बॉक्स बसवू, म्हणजे गाडी पळू लागेल. मोकळा सायलेन्सर टाकू, रुंद टायर आणि चकचकीत अलॉय चाके लावू. बंधू विचारतो, करू का?

सरळ नाही म्हणून मोकळे होणे आम्हाला जमणार नाही. कारण ही हौस आम्हाला कळते. ज्यांच्या आज्याने गावात सायकलवरून उतरून चालावे अशी लोकांची अपेक्षा असे, त्यांच्या नातवाच्या दारात गाडी उभी आहे. ती जोरात पळावी, देखणी दिसावी असे त्याला वाटले तर त्यात गैर काय? आम्हीही एका जुन्या डिझेल गाडीचे धनी आहोत आणि तिच्यावर पहिला खर्च केला तो सीटकव्हर आणि टेपवर. त्याची शिक्षा आम्हाला याच राजूर घाटात मिळाली.

एका लग्नाहून आम्ही मलकापूरच्या दिशेने परतत होतो. गाडीत पाच मोठी माणसे, डिकीत भांडी. उतारावर पुन्हा पुन्हा ब्रेक दाबत होतो. तिसऱ्या वळणाच्या आधी पॅडल एकदम मऊ झाले आणि तळाला टेकले. पाय दाबतो आहे आणि गाडी ऐकत नाही, हा अनुभव शत्रूलाही येऊ नये. शेजारी बसलेल्या मावसभावाने ओरडून सांगितले, गेअर खाली टाक. तिसरा टाकला, मग दुसरा, इंजिन किंचाळले, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला मातीत थांबली. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने ब्रेक ऑइल काढून वाटीत दाखवले. चहासारखे काळे. सहा वर्षांत आम्ही ते एकदाही बदलले नव्हते. दोष गाडीचा नव्हता, आमचा होता. आणि दुरुस्तीचे बिल आमच्या सीटकव्हरपेक्षा कमी आले!

तेव्हा कळलेली गोष्ट इथे नीट सांगतो, कारण पुष्कळांना ती ठाऊक नसते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेते. जितके जुने, तितके त्यात पाणी जास्त. उतारावर ब्रेक तापले की ते पाणी उकळून वाफ होते. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. मग पायाचा सगळा जोर वाफ दाबण्यातच जातो आणि चाकापर्यंत काही पोचत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलावे, गाडी कितीही कमी चालली असली तरी. ओलावा किलोमीटर मोजत नाही.

घाट उतरण्याबद्दलही एक गैरसमज आपल्याकडे घट्ट बसला आहे. डिझेल वाचवायला म्हणून लोक गाडी न्यूट्रल करतात, काही बहाद्दर तर इंजिनच बंद करतात. प्रत्यक्षात गाडी गेअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिनाला जाणारे डिझेल जवळजवळ पूर्ण तुटते. चाकेच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहते. म्हणजे बचत व्हायची तर ती गेअरमध्येच. आणि इंजिन बंद केले तर ब्रेकला मदत करणारा व्हॅक्युम संपतो, पॅडल दगडासारखे होते, स्टिअरिंग जड होते. ज्या गेअरमध्ये घाट चढावा लागतो, त्याच गेअरमध्ये तो उतरावा, हा जुन्या ट्रकवाल्यांचा नियम आजही खरा आहे.

आता बंधूच्या बॉक्सकडे वळू. आपल्या भागातल्या जुन्या छोट्या डिझेल गाड्या ढोबळमानाने दोन पिढ्यांच्या आहेत. पहिली पिढी इंडिकाची. पिंपरी-चिंचवडला तयार होणारी ही गाडी १९९८ च्या अखेरीस आली. १४०५ सीसीचे साधे इंजिन, टर्बो नाही, ताकद सुमारे ५४ हॉर्सपॉवर. सुरुवातीच्या गाड्यांबद्दल तक्रारी आल्या, कंपनीने गिऱ्हाइकांना सुटे भाग बदलून दिले आणि २००१ मध्ये सुधारलेली व्ही-टू आणली. त्या गाडीने कितीतरी घरांची पोटे टॅक्सी म्हणून भरली. तिच्यात पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवणारे मिस्त्री असत. गाडी थोडी चपळ व्हायची आणि मागे काळा धूर सोडायची, कारण डिझेल वाढवले तरी हवा तेवढीच. न जळलेले डिझेल म्हणजे तो धूर; खिशातले पैसेच सायलेन्सरमधून बाहेर जायचे.

दुसरी पिढी बंधूच्या गाडीची. स्विफ्टमध्ये हे इंजिन २००७ पासून येऊ लागले. मूळ फियाटचे, १२४८ सीसी, ७५ हॉर्सपॉवर, सोबत टर्बो. मारुती, टाटा, फियाट अशा तिघांच्या गाड्यांत ते बसले, म्हणून लोक गमतीने त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणत. पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावलाही ते तयार होत असे. एप्रिल २०२० पासून मारुतीने डिझेल गाड्या बनवणे बंद केले, पण रस्त्यावर ही इंजिने अजून ढिगाने आहेत आणि सुटे भागही मिळतात. यात किती डिझेल, किती दाबाने, कोणत्या क्षणी सोडायचे हे एक छोटा संगणक ठरवतो. गॅरेजवाला म्हणतो तो बॉक्स या संगणकाला फसवतो. पाईपातला दाब आहे त्यापेक्षा कमी असल्याचे तो सांगतो, मग संगणक दाब वाढवतो आणि डिझेल जास्त जाते. रिमॅप करणारे फसवत नाहीत, ते संगणकातला हिशेबच बदलतात. चांगल्या हाताने केलेला रिमॅप बॉक्सपेक्षा बरा, हे आम्ही मान्य करतो. दोन्हींनी ताकद वाढते, यात खोटे काही नाही.

पण ही वाढलेली ताकद कोणाच्या अंगावर येते? चौदा-पंधरा वर्षे फिरलेल्या टर्बोच्या, क्लच प्लेटच्या, गेअरबॉक्सच्या. नव्या गाडीत थोडी सवलत ठेवलेली असते, ती तीन मालकांनी आधीच वापरून टाकली आहे. घाटात चौथ्या गेअरमध्ये इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी पुढे सरकत नाही, असे होत असेल तर क्लच आताच घसरतो आहे. त्यावर बॉक्स बसवला तर महिन्याभरात क्लचचा खर्च समोर उभा राहील.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्याहून मोठी भीती विम्याची. अपघात झाला आणि गाडीत न कळवलेला बदल सापडला, तर दावा अडवायला कारण मिळते. ज्या घरात कर्ता एक आणि गाडी एक, तिथे हा धोका चाळीस हजारांचा राहत नाही. बंधूच्या गाडीला २०२६ मध्ये पंधरा वर्षे पूर्ण होतात. पुढची पाच वर्षे चालवायची तर एमएच-२८ च्या परिवहन कार्यालयात गाडी दाखवून फेरनोंदणी करावी लागेल, पर्यावरण कर भरावा लागेल. तिथे मोकळ्या सायलेन्सरचे कौतुक कोणी करणार नाही.

या पत्राने आम्हाला १९२९ सालचे चाळीसगाव आठवले. बुलढाण्याहून ते फार दूर नाही. बाबासाहेब मुंबईला परतताना धुळे मार्गावरच्या एका गावी जाण्यासाठी तिथे उतरले. आपल्या लोकांनी त्यांना वस्तीत येण्याचा आग्रह धरला. एकही टांगेवाला अस्पृश्याला घेऊन टांगा हाकायला तयार होईना. तास-दीड तास गेला. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा नाही. पाहुण्याला पायी कसे न्यायचे, म्हणून वस्तीतलाच एक जण हाकायला बसला. त्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. स्टेशनातून निघताच एका मोटारीशी टक्कर होता होता वाचली, आणि पुढे नदीवरच्या पुलाच्या कडेच्या दगडावर चाक आदळून बाबासाहेब फरसबंदीवर फेकले गेले. पाय मोडला, बरेच दिवस उठता आले नाही. आपल्या लोकांनी पाहुण्याच्या जिवापेक्षा त्याच्या मानाचा विचार आधी केला, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवले आहे. त्यात राग नाही, पण दुखरे सत्य आहे. टांगेवाल्यांच्या जातीयतेने आपल्या माणसांना त्या कोंडीत ढकलले होते. आज आपल्याला तशी कोंडी नाही. मान की जीव असा प्रश्न चाळीस हजार रुपये हातात असलेल्या माणसाने स्वतःवर ओढवून घेऊ नये.

म्हणून बंधूला आमचे सांगणे असे. दम गेला आहे ना? मग तो कुठे गेला ते आधी शोध. धूर बघ. काळा असेल तर हवा कमी पडते आहे: एअर फिल्टर काढून बघ, आपल्याकडे सोयाबीन काढणीच्या दिवसांत तो महिन्यात बुजतो. टर्बोकडून इंजिनाकडे हवा नेणारा रबरी पाईप चिरला असेल तरी हेच होते. पाईपावर तेलाचा ओशट डाग आणि चढावर सूं असा आवाज ही त्याची खूण. आम्ही पाहिलेल्या ‘दम गेलेल्या’ गाड्यांपैकी निम्म्या या एका पाईपाने बऱ्या झाल्या. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे, तिथे मात्र खिसा सांभाळून मिस्त्रीशी बोल. डिझेल फिल्टर बदल, त्यातले पाणी काढ. नोझलवाल्याकडे जाऊन चारही इंजेक्टरमधून परत येणारे डिझेल चार बाटल्यांत मोजून घे. एक बाटली बाकीच्यांपेक्षा लवकर भरली तर तो इंजेक्टर दोषी. चारही बदलायला लावणाऱ्याला हात जोड. ऑइल पुस्तिकेत लिहिले आहे त्याच ग्रेडचे आणि वेळेवर, कारण या इंजिनाची टायमिंग चेन आणि टर्बो दोघेही त्यावरच जगतात. घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवू नये, मिनिटभर इंजिन चालू द्यावे, म्हणजे तापलेल्या टर्बोला तेल मिळत राहते.

मग ब्रेक. पॅड, मागचे शू, ऑइल, रबरी पाईप. त्यानंतर टायर. कंपनीने दिलेल्याच मापाचे घे, रुंद टायरने ॲव्हरेज आणखी पडते. टायरच्या कडेला चार आकडे असतात: ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. सेकंडहँड टायर विकणारा हे आकडे कधीच दाखवत नाही. नक्षी दिसत असली तरी रबर म्हातारे होते, आणि मेहकरजवळून समृद्धीवर चढून दीक्षाभूमीला जायचे तर त्या सिमेंटच्या रस्त्यावर तासन् तास एकसारखा वेग आणि उष्णता टायरची खरी परीक्षा घेते. शॉकअप, बुश, अलाइनमेंट यांचेही त्यातच पाहून घे. दिव्यांना जास्त वॅटचे बल्ब लावून होल्डर जाळण्यापेक्षा पिवळी पडलेली काच घासून घेतली तर रस्ता जास्त दिसतो. वायरिंगचे काम करणाऱ्याला हे आम्ही काय सांगावे!

आणि एक पट्टा. मागच्या सीटवरच्या चार वर्षांच्या मुलीबद्दल चार पानांत एकच ओळ आहे. तिच्यासाठी लहान मुलांची सीट याच पैशांतून घे.

एवढे करून काही रक्कम उरली तर चाके देखणी करायला आमची हरकत नाही, माप मात्र तेच ठेव. राजूर घाटात ट्रकच्या मागे दहा मिनिटे जातील तर जाऊ दे. काम झाल्यावर चार बाटल्यांपैकी कोणती आधी भरली ते कळव. आमची पैज तिसऱ्या इंजेक्टरवर आहे.