काय घातलंय ते सांगा

मागच्या महिन्यात कल्याणला मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या एका बैठकीत एका गृहस्थांनी ठासून सांगितलं की ऐच्छिक डिपेंडन्सी, म्हणजे प्रोग्रॅम बांधताना घालता किंवा वगळता येणारी लायब्ररी, हा प्रकारच बंद करावा. डिस्क स्वस्त झाली आहे, वापरणाऱ्याला लायब्रऱ्यांची नावं कळण्याची गरज नाही, तेव्हा ध्वनिप्रसारणाला लागतील तेवढे सगळे कोडेक एकाच कंटेनरमध्ये भरा आणि तो पेटारा लोकांच्या हाती द्या, असा त्यांचा युक्तिवाद. टाळ्याही पडल्या. विठ्ठलवाडीला उतरेपर्यंत माझा राग शमला नव्हता, अजूनही शमलेला नाही.

डिस्क स्वस्त आहे, मान्य. पण मोबाइल डेटावर प्रसारण करणाऱ्या एखाद्या भजनी मंडळाला दर सुधारणेला तो पेटारा उतरवून घ्यावा लागतो, तो डेटा कुणी फुकट देत नाही. परवान्याचं तर विचारूच नका: एफएफएमपेगमध्ये जीपीएलचे भाग आणि एफडीके-एएसी एकत्र बांधले की तयार प्रोग्रॅम दुसऱ्याला वाटायची मुभाच उरत नाही. मग हा पेटारा वाटणार कसा?

माझा खरा आक्षेप सुरक्षेचा आहे. मार्च २०१८ मध्ये लिबव्हॉर्बिस या ध्वनीच्या लायब्ररीत एक भोक सापडलं. मुद्दाम बिघडवलेली फाइल दिली की ती लायब्ररी मेमरीत मर्यादेबाहेर लिहीत असे. १.३.६ या आवृत्तीत ते बुजवलं गेलं. डेबियनने लिबव्हॉर्बिसचं पॅकेज सुधारलं आणि ती सामायिक लायब्ररी वापरणाऱ्या सगळ्या प्रोग्रॅमांचं काम एका अपडेटमध्ये झालं. फायरफॉक्सच्या पोटात मात्र तिची स्वतंत्र प्रत होती, म्हणून मोझिलाला ५९.०.१ ही वेगळी आवृत्ती काढावी लागली. मोझिलाकडे माणसं होती, त्यांनी ती तातडीने काढली. या गृहस्थांच्या पेटाऱ्यामागे कोण उभं आहे? बांधणारा उद्या नोकरी बदलेल, गाव बदलेल, त्याचा उत्साह संपेल. आतली जुनी प्रत तशीच राहील, आणि ती आत आहे हे वापरणाऱ्याला ठाऊकही नसेल, कारण नावं कळायची गरज नाही असं आपणच त्याला सांगून ठेवलेलं.

त्याच वर्षाच्या शेवटी आइसकास्टची २.४.४ आवृत्ती आली. आइसकास्ट हा श्रोत्यांपर्यंत ध्वनी पोचवणारा सर्व्हर. अमक्या श्रोत्याला आत घ्यावं का, हे दुसऱ्या सर्व्हरला विचारण्याची जी सोय त्यात आहे, तिच्यात आधीपासून असलेला बफर ओव्हरफ्लो या आवृत्तीने बुजवला. ही सोय लिबकर्लवर चालते आणि लिबकर्ल ऐच्छिक आहे. ज्यांनी कर्ल वगळून आइसकास्ट बांधलं होतं, त्यांच्या प्रोग्रॅममध्ये तो सदोष कोड नव्हताच. वगळण्याची मुभा ही अशी कामाला येते. पेटाऱ्यात ती कुठून आणणार?

हे भांडण जुनं आहे. ओपनएसएसएलचा त्या वेळचा परवाना जीपीएलशी जुळत नव्हता, म्हणून डेबियनच्या आइसकास्टमध्ये कित्येक वर्षं टीएलएस नव्हतं. तेव्हाही ‘परवाने वकिलांनी वाचावेत’ असं मला ऐकवलं गेलं आणि तेव्हाही मी भांडलो. ओपनएसएसएल सक्तीचं असतं तर आइसकास्टला त्या काळात डेबियनमध्ये जागाच मिळाली नसती. जीस्ट्रीमरने पेटंट-परवान्यांची अडचण असलेले प्लगइन ‘अग्ली’ नावाच्या वेगळ्या गठ्ठ्यात ठेवले तेही याच शहाणपणाने.

आता त्या कल्याणच्या गृहस्थांच्या चिडीमागचा खरा त्रास. तो मीही भोगला आहे. आमच्या भजनी मंडळाचा काकडा गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांना ऐकू जावा म्हणून आम्ही प्रसारण लावलं. काकडा सुरू होण्याच्या आदल्या रात्री मी नव्या यंत्रावर एन्कोडर बांधला. एमपी३ बनवणारी लेमची लायब्ररी होती, तिच्या हेडर फाइली देणारं डेव्ह पॅकेज घालायचं राहिलं. लेम सापडलं नाही हा इशारा शेकडो ओळींत सरकून गेला, बांधणी बिनबोभाट पूर्ण झाली, आणि पहाटे प्रोग्रॅम म्हणाला, एमपी३ मला येत नाही. गावाकडे कानाला फोन लावून बसलेल्यांना त्या दिवशी काही ऐकू गेलं नाही. ते मला अजून लागतं.

पण म्हणून ऐच्छिकपणाला फाशी कशाला? घात केला तो न सांगता घेतलेल्या निर्णयाने. जेंटूवाले याला ‘ऑटोमॅजिक’ म्हणतात: यंत्रावर जे पडलेलं मिळेल ते जोडायचं, नसेल ते गाळायचं. पॅकेज बांधणाऱ्याने प्रत्येक ऐच्छिक गोष्टीपुढे ‘हवी’ किंवा ‘नको’ लिहावं. मेसन या बांधणीच्या साधनात ही सोय आहे: ‘एनेबल्ड’ म्हटलं आणि लायब्ररी मिळाली नाही, तर बांधणी तिथेच थांबते. तयार प्रोग्रॅमनेही आपल्यात काय आहे ते सांगावं. एमपीडी या संगीत वाजवणाऱ्या सर्व्हरला आवृत्ती विचारली की तो आपले डीकोडर आणि आउटपुट नावानिशी मोजून दाखवते. आणि सगळ्यांना न लागणारे भाग डेबियनच्या व्हीएलसीसारखे वेगळ्या प्लगइन पॅकेजांत ठेवावेत. ज्याला जॅक हा ध्वनी-सर्व्हर हवा, तो जॅकचं पॅकेज घेईल.

आमच्या बांधणीच्या स्क्रिप्टमध्ये आता शेवटी एक ओळ आहे. तयार एन्कोडरवर एलडीडी चालवून ती लिबएमपी३लेम जोडलं गेलंय का ते पाहते, आणि नसेल तर पुढे जाऊ देत नाही. त्यानंतर काकडा एकदाही चुकलेला नाही.