खेळांतील गांवें आणि आमच्या सूचना

आमच्या वर्गांतील पुष्कळ मुलांचें एक गांव नकाशावर असतें व दुसरें संगणकाच्या पडद्यावर. हीं दुसरीं गांवें वसविण्याच्या खेळांपैकीं ‘ट्रॅव्हियन’ हा खेळ सन २००४ मध्यें जर्मनींत निघाला. लांकूड, माती, लोखंड व धान्य हीं चार द्रव्यें मिळवावीं, इमारती बांधाव्या, सैन्य उभारावें, संघ करावे, आणि शेवटीं जो संघ आपली आश्चर्यवास्तु १०० व्या पायरीपर्यंत नेईल त्याचा जय, असा त्याचा क्रम आहे. सैनिक धान्य खातात व कोठार रितें झालें कीं उपाशीं मरतात. तलवारीपूर्वीं शेताकडे पाहावें, हा धडा कांहीं वाईट नव्हे. म्हणून असले खेळ सर्वस्वीं त्याज्य आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. ते सुधारावे एवढेंच म्हणतों.

पहिली सूचना रात्रीची. हे खेळ चोवीस तास चालतात. शत्रु पहांटे तीन वाजतांही वेशींत येतो. अशाच एका खेळापायीं आमच्यापैकीं एकजण सहामाही परीक्षेच्या आदल्या रात्रीं गजर लावून उठला, त्यानें कोठार वांचविलें, आणि सकाळीं भूमितीच्या उत्तरपत्रिकेवर डोकें टेकून तो झोपीं गेला. गांव राहिलें, गुण गेले! यास्तव प्रत्येक खेळाडूनें आरंभींच रात्रीचे आठ तास नेमून द्यावे. त्या वेळांत त्याच्यावर कोणी चाल करूं नये व त्यानेंही कोणावर करूं नये. हे तास वरचेवर बदलतां येऊं नयेत; नाहींतर भित्रा मनुष्य तहाआड लपेल.

दुसरी सूचना पैशाची. खऱ्या पैशानें खेळांतलें सोनें घ्यावें व त्या सोन्यानें तासांचें बांधकाम क्षणांत उरकावें, अशी सोय अशा खेळांत असते. यंत्रें चालविण्यास खर्च लागतो, हें आम्ही जाणतों. खेळ फुकट द्या असें आमचें म्हणणें नाहीं. सर्वांकडून सारखी प्रवेशफी घ्यावी, हवी तर शोभेचीं तोरणें विकावीं. पण वेळ विकूं नये. वडिलांच्या पाकिटावरून सेनापतीची थोरवी ठरणें हें खेळास लाजिरवाणें आहे.

तिसरी सूचना दुबळ्यांची. नवख्यास पहिले कांहीं दिवस अभय असतें. तें सरतांच बलाढ्य शेजारी त्याला दररोज नागवितो. जो आपल्याहून फार लहान गांवावर धाड घालील, त्याची लूट त्या प्रमाणांत घटत जावी. मात्र लहान राहून इतरांस लुटणाऱ्याला हें छत्र मिळूं नये.

आतां दोन शब्द सूचना करणाऱ्यांस. ट्यूटन लुटींत तरबेज, गॉल बचावांत. गॉलांचा खेळाडू हरला कीं ट्यूटनांस दुबळें करा म्हणतो. ट्यूटनांचा हरला कीं गॉलांच्या तटबंदीस दोष देतो. ही सूचना नव्हे, हें रडगाणें होय. जी गोष्ट आपण जिंकत असतांनाही आपणांस मान्य होईल, तीच मागावी. आमच्या वरील तीन सूचना आम्हीं याच कसोटीवर घांसून पाहिल्या आहेत. सर्व कांहीं झटपट व्हावें असें म्हणणारांनींही विचार करावा: वाट पाहणेंच काढून टाकलें, तर वसविण्याचा आनंद कशांत उरेल?

खेळ करणारे आमचें ऐकतील तेव्हां ऐकतील. तोंवर आम्हीं आपल्या संघापुरता नियम केला आहे: रात्रीं दहानंतर कोणीही पडदा उघडूं नये. या नियमापायीं आमचीं दोन गांवें गेलीं, हें कबूल करतों. परंतु पुढच्या परीक्षेस सगळे जागे होते. पालकांस विनंति इतकीच कीं, खेळ एकदम हिसकावून घेण्यापूर्वीं एखाद्या सायंकाळीं शेजारीं बसावें, कोठारांत धान्य किती आहे तें पुसावें, आणि मग निजण्याची वेळ कोणती, तेंही पुसावें.