अनाहत नाद आणि कानाचे डॉक्टर

परवा एका नातेवाइकांनी जाहिरात पाठवली. सात दिवसांच्या शिबिरात अनाहत नाद ऐकू येणार, अंतर्ज्योतीचं दर्शन होणार! खाली शुल्काचा आकडा. ‘काका, तुम्हाला आवडेल,’ असंही लिहिलं होतं. नाही आवडलं. का, ते लिहितो. घरातल्या काहींना राग येईल, येऊ दे.

अनाहत म्हणजे आघाताशिवाय उमटणारा. ही कल्पना मला थोतांड वाटत नाही. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात, कुंडलिनीच्या वर्णनात हा नाद आहे, आणि तो अध्याय मी आजही वाचतो. ‘हठयोगप्रदीपिके’त तर नादांचा क्रमच दिला आहे. आधी समुद्र, मेघ, नगारा यांच्यासारखे मोठे, मग शंख, घंटा, शेवटी घुंगरू, बासरी, वीणा, भुंग्याची गुणगुण. पण हे सगळं चौथ्या, म्हणजे शेवटच्या प्रकरणात. त्याआधी आसनं, मिताहार, प्राणायाम, मुद्रा यांची तीन प्रकरणं आहेत. आणि नादापाशी तो ग्रंथ थांबतही नाही. नाद जिथे विरतो ती निःशब्द अवस्था त्याच्या लेखी परब्रह्म. शिबिरवाले शेवटचा धडा पहिल्या दिवशी शिकवतात, आणि त्याचंही शेवटचं पान फाडून!

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी अशाच एका वर्गाला मी जात होतो. अंगठ्यांनी कान बंद करून बसायचं. हळूहळू रातकिड्यांसारखी किरकिर ऐकू येऊ लागली, कान उघडे असतानाही. मार्गदर्शक म्हणाले, ‘नाद उघडला.’ मी हुरळलो. वर्षभराने नातीचं बोलणं नीट कळेना, म्हणून कान तपासले. वयोमानाने ऐकणं कमी झालं होतं आणि किरकिर त्याचीच होती. सुश्रुतसंहितेत कानाच्या रोगांमध्ये ‘कर्णनाद’ आहे. कानात वाजणारं सगळंच ब्रह्म नव्हे, हे आपल्या जुन्या वैद्यांना चांगलं ठाऊक होतं.

माझं हसण्यावारी गेलं. वहिनींचं गेलं नाही. त्यांना डोळ्यांपुढे वीज चमकल्यासारखं व्हायचं. वर्गात सांगितलं गेलं, ज्योत दिसू लागली. आणि मीही म्हणालो, ‘वहिनी, भाग्यवान आहात.’ महिन्याभराने डाव्या डोळ्यावर सावली चढली. आतला पडदा सुटला होता. शस्त्रक्रिया झाली, पण त्या डोळ्याने त्यांना आता माणूस ओळखता येत नाही. मला त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत. तेच टोचतं.

माझा आक्षेप साधनेला नाही, पावती फाडण्याला आहे. दुसऱ्याच्या कानात काय वाजतंय हे कुणालाच ऐकू येत नाही. मग ‘नाद उघडला’ हे प्रमाणपत्र कशाच्या जोरावर? मी तेहतीस वर्षं पेपर तपासले. उत्तरपत्रिका न बघता कुणाला गुण दिले नाहीत. वहिनींना मात्र दिले.

कुणी म्हणेल, डॉक्टरांना यातलं काय कळतं? अध्यात्मातलं नसेल कळत. कानातलं आणि डोळ्यातलं कळतं. त्यांनी निर्वाळा दिला, तर खुशाल बसा, कुणी अडवलंय? साधना खरी असेल तर तपासणीने ती बाटत नाही. पण डोळ्यांपुढे अचानक चमका येऊ लागल्या, काळे ठिपके तरंगू लागले, तर गुरूंना नंतर सांगा. आधी त्याच दिवशी डोळे दाखवा.

मी अजूनही पहाटे बसतो. किरकिर असतेच. तिला मी आता नाद म्हणत नाही.