'बंगाल' नावाची छोटी बोट आणि आपली यादी

मुसलमानांच्या देशप्रेमाचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच एक यादी बाहेर येते. अश्फाकउल्ला खान, ब्रिगेडियर उस्मान, अब्दुल हमीद, डॉ. कलाम. नावे खरी आहेत आणि मोठी आहेत. पण यादी वाचणाऱ्याचा आवाज आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसासारखा होतो, हे मला नेहमी खटकते. म्हणून आज एका छोट्या बोटीबद्दल लिहितो.

माहुलच्या खाडीपलीकडे जवाहर द्वीपाला तेलाची जहाजे लागतात. तिथून नळांवाटे तेल माहुलच्या रिफायनऱ्यांत येते. इथल्या कोळीवाड्यात राहणाऱ्यांना, चेंबूर-ट्रॉम्बेच्या वस्त्यांना त्या जहाजांचे काही अप्रूप उरलेले नाही. युद्धाच्या काळात मात्र तेलाचे जहाज सुखरूप बंदराला लागेल याची खात्री कुणालाच नसे.

११ नोव्हेंबर १९४२. ऑस्ट्रेलियातून निघालेले 'ओंदिना' हे डच तेलवाहू जहाज हिंदी महासागरातून दिएगो गार्सियाकडे चालले होते. सोबत संरक्षणाला रॉयल इंडियन नेव्हीची 'बंगाल' ही सुरुंग काढणारी बोट. सिडनीत बांधलेली, साधारण ६५० टनांची, पुढे एकच लहान तोफ. समोरून जपानी नौदलाची 'होकोकु मारू' आणि 'आइकोकु मारू' ही दोन जहाजे आली. एकेक दहा हजार टनांहून मोठे, दोन्हींवर जड तोफा. 'बंगाल'चे कप्तान विल्सन यांनी तेलवाहू जहाजाला निसटायला सांगितले आणि आपली बोट सरळ शत्रूच्या अंगावर घातली.

ओंदिनावरही एक तोफ होती, तीही चालली. एक गोळा 'होकोकु मारू'च्या मागच्या भागात बसला, आग लागली, स्फोट झाले आणि ते जहाज बुडाले. गोळा नेमका कुणाचा, यावर डच आणि हिंदी बाजूंचा वाद आजही आहे. ओंदिनाचा कप्तान त्या दिवशी मारला गेला. पण शेवटी ओंदिनाही वाचली आणि 'बंगाल'ही.

या लढाईच्या वर्णनात विल्सन यांचे नाव हमखास येते. खालच्या दर्जाचे खलाशी मात्र एका शब्दात उरकले जातात: 'हिंदी खलाशी'. हे हिंदी खलाशी कोण होते? युद्धापूर्वी या नौदलाची भरती मुख्यतः दोन ठिकाणांहून होई. पंजाबचे मुसलमान आणि रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. युद्धात नौदल वाढले तशी देशभरातून, सगळ्या धर्मांची पोरे आली. एकाच डेकवर झोपली, एकाच निकृष्ट जेवणावर चिडली.

त्या चिडीतूनच १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत 'तलवार'वर संप सुरू झाला. संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. जहाजांवर काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट पक्षाचे झेंडे शेजारी शेजारी फडकले. पुढे त्यातल्या अनेकांना काढून टाकले गेले, आणि स्वतंत्र भारत किंवा पाकिस्तान, कुणाच्याच नौदलाने त्यांना परत घेतले नाही.

दीड वर्षात फाळणी झाली आणि बोटीही वाटल्या गेल्या. 'काठियावाड', 'औध' आणि 'माळवा' पाकिस्तानला गेल्या. 'खैबर' भारतात राहिली! 'कोकण' आणि 'बंगाल'ही इथेच राहिल्या. लोखंडाला धर्म लावायला निघाले की असाच गोंधळ होतो. 'बंगाल'ने पुढे भारतीय नौदलात नोकरी केली आणि १९६० साली ती भंगारात निघाली.

माझे म्हणणे एवढेच आहे की त्या डेकवरचे श्रम आणि भीती धर्माप्रमाणे वाटून घेता येत नाही. त्या बोटीतून 'आमचे किती' हे मोजून कुणाच्या तोंडावर फेकायची मला इच्छा नाही. प्रमाणपत्र मागणाऱ्याला कितीही नावे दिली तरी तो पुढच्या वर्षी पुन्हा मागतोच. पण म्हणून नावे विसरायचीही नाहीत. ज्याने काम केले त्याचे नाव लिहून ठेवणे हा त्याचा हक्क आहे.

चिपळूण, खेड, दापोली, श्रीवर्धन, मुरूड इथल्या घरांत 'आजोबा नेव्हीत होते' एवढेच वाक्य उरलेले असते. ट्रंकेत एखादे पदक, पेन्शनचा कागद, गणवेशातला पिवळा पडलेला फोटो असतो. घर पाडून नवे बांधताना ती ट्रंक रद्दीवाल्याकडे जाते. ती उघडा. बोटीचे नाव, भरतीचे साल, सोबत्यांची नावे लिहून घ्या. सोबत्यांत गावडे, फर्नांडिस, सिंग निघाले तर तीही लिहा. कुणी पुरावा मागितला म्हणून हे करू नका. आपल्या नातवंडांना आपले पणजोबा कोण होते ते कळावे, म्हणून करा.