रोजा सुटतो, कढई सुटत नाही

सेलू तालुक्यातले वालूर चक्राकार बारवेसाठी ओळखले जाते. रमजानमध्ये मात्र, मराठवाड्यातल्या इतर गावांसारखी, तिथेही मगरिबच्या आधी कढई तापते. भजी, समोसे रोजेदार खातात आणि शेजारीही हक्काने खातात. हा शेजारधर्म जपायलाच हवा. प्रश्न एवढाच, की बारा-तेरा तास रिकाम्या राहिलेल्या पोटात पहिला घास तेलाचा का असावा?

तेल पाण्यात मिसळत नाही, हे भांडी घासणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पोटातही अडचण तीच. तिथे साबणाचे काम पित्त करते. यकृतात तयार होणारे पित्त उपवासाच्या काळात पित्ताशयात साठते, दाट होते. तेलकट अन्न लहान आतड्यात उतरले की संप्रेरकामार्फत निरोप जातो, पित्ताशय आकसते आणि पित्त बाहेर पडते. ते तेलाचे बारीक थेंब करते. मग स्वादुपिंडातले लायपेज हे विकर त्यांचे विघटन करते. याच निरोपाने जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो. म्हणूनच भज्यांवर ताव मारला, की तरावीहला उभे राहताना पोट जड वाटते. पित्ताशयात खडे असतील, तर उजव्या बरगडीखाली कळही येऊ शकते.

‘आमच्या घरी करडईचे तेल असते’ हे उत्तर अर्धेच. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’ हे करडईचे वाण दिले, त्याचा अभिमान असावाच. पण तेल कोणतेही असो, एका ग्रॅममागे ९ किलोकॅलरी मिळणारच. शिवाय तेच तेल पुन्हापुन्हा तापवले, की त्यात घातक घटक वाढतात. अशा ‘पोलर’ घटकांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेलेले तेल वापरू नये, असा अन्नसुरक्षेचा नियम २०१८ पासून आहे. काळे पडलेले तेल दिसले, तर गिऱ्हाइकाने विचारायलाच हवे.

तळलेले हराम नाही, वर्ज्यही नाही. खजूर, पाणी, थोडी फळे, मग नमाज आणि त्यानंतर जेवण, एवढा क्रम पाळला तरी पुरे. भजी त्या जेवणाच्या ताटात यावीत, दोन-चारच.

‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण साबुदाणावड्याच्या ताटाला लागू पडते, तशी इफ्तारच्या दस्तरखानालाही. दिवसभर राखलेला संयम पहिल्या दहा मिनिटांत कढईत सोडू नये.