रंग उडाला आहे, उडू द्या

ओळखीच्या एका गृहस्थांनी परवा मोठ्या कौतुकाने घरी बोलावून वडिलांची सायकल दाखवली. नॉटिंगहॅमची रॅले, वाकड्या हॅण्डलची, गिअरची. कित्येक वर्षे माळ्यावर पडून होती. आता ती दिवाणखान्यात उभी होती आणि शोरूममधल्या फ्रीजसारखी चकाकत होती. लालभडक पावडर कोटिंग, आरशासारखे क्रोम. "ओळखू येते का?" त्यांनी विचारले. खरे उत्तर 'नाही' असे होते, पण चहा समोर आला होता.

सीटखालच्या नळीवर रेनॉल्ड्स ५३१ चा छोटा छाप होता, तो गेला. वरच्या दांडीवर एक लांबट घासा होता. वडील रोज ऑफिसच्या कठड्याला सायकल टेकवत त्याची ती खूण, असे हेच गृहस्थ पूर्वी सांगत. तोही गेला. रंगवणाऱ्याने वाळूचा मारा करून सगळे साफ केले होते, आणि त्याचे बिल ऐकून मी दुसरा चहा नको म्हटले.

पुण्यासारख्या एके काळच्या सायकलींच्या शहरात जुन्या सायकलींना पुन्हा मान मिळतो आहे, हे चांगलेच आहे. कर्वेनगरला २०१७ साली विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय उघडले, तेव्हा आजोबा नातवंडांना घेऊन ते पाहायला गेले. पण हौस वाढली की हौसेबरोबर चकाकीचे वेडही वाढते. जुनी सायकल नवी करणे म्हणजे तिचा जीर्णोद्धार, अशी समजूत झाली आहे. मला ती मुळातच चुकीची वाटते.

यात केवळ भावनेचा प्रश्न नाही, धातूचाही आहे. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीने ५३१ हे पोलाद १९३५ मध्ये आणले. चांगल्या रेसरच्या नळ्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ असतात. मधली जाडी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. वजन कमी ठेवण्याची युक्ती तीच. अशा नळीवर जोरात वाळू मारणे किंवा ग्राइंडर फिरवणे म्हणजे गंजाबरोबर सायकलही खरवडणे. शिवाय तो छाप गेला, की ही नळी ५३१ ची की साध्या पोलादाची, हे पुढच्या माणसाला कोण सांगणार?

मग करायचे काय? पुष्कळ काही, फक्त हळूहळू. साबणाचे कोमट पाणी, मऊ फडके. क्रोमवरचा वरवरचा गंज ॲल्युमिनियमच्या कागदाचा ओला बोळा घासला की आश्चर्य वाटावे इतका निघतो. जाम झालेल्या सीटच्या दांड्याला तेल सोडून चार दिवस वाट पाहावी. कॉटर पिन ठोकण्याआधी क्रँकखाली भक्कम आधार द्यावा, नाही तर सगळा दणका आतल्या छऱ्यांवर जातो. इंग्लिश सायकलीत क्रँकच्या उजव्या बाजूच्या वाटीचे आटे उलटे असतात. हे माहीत नसलेल्या उत्साही माणसाने ती सोडवायला जाऊन आणखी घट्ट केल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. (माझेही एक धरा.) त्यातून रॅलेचे आटे इंचाला २६, तर इतरांचे २४. बाजारातली वाटी आणून पान्याने दामटली, की फ्रेमच कायमची बिघडली.

आणि जे बदलायचे ते बिनदिक्कत बदलावे. ब्रेकचे रबर, केबल, टायर, छर्रे यांच्या बाबतीत जुन्याचा मोह धरणे हा वेडेपणा. क्रोमच्या लोखंडी रिमवर आपल्या पावसात ब्रेक लागतच नाही, हे ज्याने उतारावर अनुभवले आहे तो विसरणार नाही. त्याला ॲल्युमिनियमची रिम घातली तर माझी मुळीच हरकत नाही. जुनी चाके कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा, म्हणजे झाले. जे परत फिरवता येते ते करावे. रंग परत फिरवता येत नाही.

इटलीत तोस्काना प्रांतातल्या गायोले या गावातून १९९७ पासून 'लेरोइका' नावाची सायकलफेरी निघते. १९८७ पूर्वीच्या धाटणीच्या रेसर लागतात. गिअरचे खटके खालच्या नळीवर, ब्रेकच्या तारा हॅण्डलबाहेर मोकळ्या, पायडलला पट्टे. रस्ते पांढऱ्या मातीचे, खडीचे. सायकली धुळीने माखून परत येतात, आणि हेच मला आवडते. आपल्याकडे मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिल्यांदा चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. त्या काळच्या घाट चढलेल्या एखाद्या रेसरला दिवाणखान्यात शोपीस करून ठेवणे मला तरी जड जाते.

आणखी एक सलणारी गोष्ट. रंगाला हजारो रुपये मोजणारा माणूस चाकाचा आऊट काढणाऱ्या कारागिराशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो. चाक फिरवत, एकेक तार बोटाने छेडून तिचा ताण ओळखणारी ही माणसे आता शोधावी लागतात. त्यांची मुले त्या दुकानात बसत नाहीत, आणि आपण देतो त्या पैशांत त्यांनी का बसावे?

निघताना त्या गृहस्थांच्या रॅलेचे मागचे चाक मी सहज फिरवले. स्टर्मी-आर्चरच्या हबवर महिना आणि वर्ष कोरलेले असते. मळ पुसला तर ५६ दिसले. "अरे, वडिलांना नोकरी लागली ते वर्ष," ते म्हणाले आणि चष्मा काढून वाकून पाहू लागले. ते हब पॉलिशला द्यायचे राहून गेले होते.